दाताला जामीन कोण?



बचत गटाच्या कर्जमागणीच्या अर्जात आम्ही कार्यकर्त्या कारणं वाचतो, तेव्हा गावाचं वर्ष डोळ्यांपुढून जातं. जूनमध्ये बियाणं, दिवाळीआधी शिलाई मशीन, उन्हाळ्यात लग्न, मध्ये कधीतरी शेळी, बाळंतपण, पोराची फी. अलीकडे या यादीत दात आलेत. कुणाला कवळी करायची असते, कुणाला ब्रिज, कुणाला ‘स्क्रूचा दात’. अर्ज बाई करते, पण दात बहुधा सासऱ्याचा किंवा नवऱ्याचा असतो. स्वतःची दाढ गेली तर ती म्हणते, “चालतंय की, दुसऱ्या बाजूनं चावते.”

अशा अर्जावर बैठकीत चर्चा होते ती रकमेची. किती लागतील, हप्ता किती बसेल. एक प्रश्न मात्र राहून जातो. हा नवा दात उभा कशावर राहणार? मंडपाला मेढ लागते, ओढ्यावरच्या पुलाला दोन्ही काठांवर दगडी आधार लागतो. तसाच खोट्या दातालाही आधार लागतो. दातांचे डॉक्टर त्याला ‘अबटमेंट’ म्हणतात. हा शब्द मुळात पूल बांधणाऱ्यांचा. पुलाचं टोक ज्या बांधकामावर टेकतं ते अबटमेंट.

आपण आपल्या भाषेत त्याला दाताचा जामीनदार म्हणू. पडलेला दात आपलं काम सोडून गेला, आता त्याच्या वाट्याचं ओझं कुणीतरी उचलायचं आहे. जो उचलतो तो जामीनदार. आजच्या भाषणात आम्ही या जामीनदाराचा इतिहास सांगणार आहोत. इतिहास यासाठी की दोन-अडीच हजार वर्षांत माणसानं या कामी कुणाकुणाला जामीन ठेवलं, हे कळलं की आज दवाखान्यात काय विचारायचं ते आपोआप कळतं.

तोंडात आधार तीनच मिळू शकतात. शेजारचे दात, जबड्याचं हाड, नाहीतर वरची हिरडी. आणि गंमत बघा, या तिन्ही आधारांचे फार जुने पुरावे बायकांच्या तोंडातून मिळालेत.

पहिली गोष्ट इटलीची. रोमचं राज्य मोठं होण्याआधी तिथे एट्रुस्कन नावाचे लोक राहत. सोन्याच्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. इसवी सनापूर्वी सुमारे ७०० पासून पुढच्या काळातल्या त्यांच्या थडग्यांत दातांना बसवलेल्या सोन्याच्या पातळ पट्ट्या सापडल्या आहेत. पट्टीची कडी शेजारच्या धडक्या दातांभोवती बसवायची आणि मधल्या रिकाम्या जागेत बदली दात सोन्याच्या बारीक खिळीनं अडकवायचा. आजच्या ब्रिजची ही पणजी म्हणा. मार्शल बेकर या संशोधकानं अशा पट्ट्यांचा बरीच वर्षं अभ्यास केला. त्यांच्या मते त्या बायकाच वापरत, आणि त्यात चावण्यापेक्षा मिरवण्याचा भाग मोठा होता. सधन घरच्या बाईच्या हसण्यात सोनं चमकावं म्हणून. काहींनी समोरचा चांगला दात मुद्दाम काढूनही घेतला असावा, असं ते म्हणतात.

रोमन लोकांत हे सोनं इतकं ओळखीचं होतं की त्यांच्या जुन्या कायद्यात, बारा पाट्यांचा कायदा म्हणतात त्यात, इसवी सनापूर्वी ४५० च्या सुमारास एक कलम होतं. मृतासोबत सोनं पुरायचं किंवा जाळायचं नाही, मात्र दात सोन्यानं बांधलेले असतील तर ते तसेच राहू द्यायला हरकत नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडात हात घालून सोनं काढू नये, एवढी माणुसकी त्या कायद्यानं पाळली.

दुसरी गोष्ट समुद्रापलीकडची, मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशाची. तिथे १९३१ साली पोपनो पतिपत्नींना उत्खननात माया संस्कृतीच्या काळातला खालचा जबडा सापडला. इसवी सन ६०० च्या आसपासचा आणि तरुण बाईचा, असं मानलं जातं. खालच्या समोरच्या दातांपैकी तिघांच्या जागी शिंपल्याचे दातासारखे घासलेले तुकडे होते. आधी सगळ्यांना वाटलं, अंत्यसंस्कारावेळी शोभेला बसवले असतील. पण १९७० साली ब्राझीलचे दंतवैद्य अमादेओ बोबियो यांनी त्या जबड्याचे एक्स-रे पाहिले, तेव्हा शिंपल्याच्या तुकड्यांभोवती घट्ट हाड तयार झालेलं दिसलं. हाड वाढतं ते जिवंत माणसाचं. म्हणजे ती बाई जिवंत असताना हे दात थेट तिच्या हाडात बसवले होते आणि हाडानं ते आपलेसे केले होते.

तिसरी गोष्ट जपानची. वाकायामा इथे एका मंदिराची स्थापना केलेली बौद्ध साध्वी होती, लोक तिला होतोके-हिमे म्हणत. ती १५३८ साली वारली. तिची लाकडी कवळी आजही जपून ठेवलेली आहे. वरच्या जबड्याची, लाकडाच्या एकाच तुकड्यातून कोरलेली. आत कुठे तार नाही, पट्टी नाही. टाळू आणि हिरडीच्या आकाराला लाकूड इतकं नेमकं जुळवलेलं की लाळेच्या ओलाव्यानं ते वर चिकटून राहायचं. ओल्या फरशीवर ताटली चिकटते तसं. इथे जामीनदार होती फक्त हिरडी.

शेजारी, हाड आणि हिरडी. या तिघांपलीकडे चौथा आधार आजही नाही. पुढचा सगळा इतिहास याच तिघांवर कुणी किती भार टाकला, याचा आहे. आणि मध्ये एक काळ असाही आला की लोकांनी आधार शोधायचं सोडून थेट दुसऱ्याच्या तोंडातला दात उचलला.

अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन हंटर नावाचे मोठे नावाजलेले शल्यविशारद होते. त्यांनी माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवून पाहिला. तो तिथे टिकला. मग गरिबाचा ताजा काढलेला दात श्रीमंताच्या तोंडातल्या खड्ड्यात बसवायची टूम निघाली. थॉमस रोलँडसन या चित्रकारानं १७८७ साली यावर एक बोचरं व्यंगचित्र काढलं. त्यात धुराडी साफ करणारा काजळी माखलेला पोरगा खुर्चीत बसलाय, त्याचा दात उपटणं चाललंय, आणि शेजारी नटूनथटून आलेली बाई त्या दाताची वाट पाहतेय. असे दात फार काळ टिकत नसत. दुसऱ्याचा रोगही त्यांच्यासोबत यायचा. पोराचा दात गेला तो गेलाच.

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या हिशेबवहीतही अशी एक नोंद आहे. त्यांच्या इस्टेटीवर गुलाम म्हणून राबणाऱ्या माणसांना १७८४ साली नऊ दातांचे ६ पौंड २ शिलिंग दिले, असं त्यात लिहिलंय. पैसे दिले हे खरं. पण जो माणूस स्वतःच मालकाच्या मालकीचा, तो “माझा दात देत नाही” असं म्हणू शकत होता का?

हेच वॉशिंग्टन १७८९ साली अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांचे दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांनी पाणघोड्याच्या सुळ्यापासून खालची कवळी कोरली आणि तिच्यात त्या एकुलत्या दातासाठी भोक ठेवलं. कवळी त्या दातावर अडकवलेली असायची. साऱ्या कवळीचा भार एका जामीनदारावर. तोही १७९६ साली गेला. ग्रीनवुडनी तो दात डबीत घालून जपून ठेवला. एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडातही दात टिकवायला आधार एकच राहिला होता, यावरून त्या काळच्या साध्या माणसांची काय गत असेल ते समजून घ्या. पुढे १८१५ साली वॉटर्लूची लढाई झाली, तेव्हा रणांगणावर पडलेल्या जवान पोरांचे दात काढून विकले गेले. त्या दातांच्या कवळ्यांना इंग्लंडात ‘वॉटर्लू दात’ असंच नाव पडलं.

हा बाजार ओसरला तो दोन-तीन शोधांमुळे. चिनीमातीचे दात आले. १८४६ साली विल्यम मॉर्टन या अमेरिकन दंतवैद्यानं ईथर हुंगवून रुग्णाला गुंगी देता येते हे जाहीरपणे दाखवलं, त्यामुळे दात काढणं सुसह्य झालं. आणि १८५० नंतर गंधक घालून कडक केलेल्या रबराची कवळी निघाली. सोनं-हस्तिदंताच्या मानानं ती खूप स्वस्त. साध्या माणसाच्या आवाक्यात पहिल्यांदाच कवळी आली.

चांगलंच झालं म्हणाल. पण प्रत्येक स्वस्ताईला एक उलटी बाजू असते. दात काढणं सोपं, कवळी स्वस्त, मग दात वाचवायचे कशाला? ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक रीत काही भागांत चांगलीच रुजली होती. मुलगी लग्नाला आली किंवा एकवीस वर्षांची झाली की तिचे सगळे दात काढून पूर्ण कवळी बसवून द्यायची, भेट म्हणून. का, तर पुढे नवऱ्याला तिच्या दातांचा खर्च नको! आपल्याकडे हुंड्याच्या यादीत काय काय असतं हे आपण जाणतो. तिकडे पोरीच्या तोंडातले चांगले दातही लग्नाच्या हिशेबात गेले.

यातलं खरं नुकसान तेव्हा लोकांच्या लक्षात येत नसे. दाताचं मूळ हाडात असतं तोवर हाडाला काम असतं. मूळ गेलं की हाड झिजायला लागतं. पहिल्या वर्षात सर्वांत जास्त, नंतर हळूहळू, पण झीज थांबत नाही. ओढ्याकाठचं झाड तोडल्यावर काठ ढासळतो तसं समजा. विशीत बसवलेली कवळी चाळिशीत सैल होणार आणि साठीत बोलता-बोलता खाली येणार. खालच्या जबड्यात तर जास्तच, कारण तिथे टाळू नाही, जीभ सतत हलते आणि कवळीला चिकटायला जागा थोडी. हिरडी हा जामीनदार गरीब आहे. तो नाही म्हणत नाही, पण त्याच्याकडे देण्यासारखं फार नसतं.

आता शेजारच्या दाताकडे येऊ. अमेरिकेत जेम्स मॉरिसन यांनी १८७१ साली पायानं चालवायचं दात कोरण्याचं यंत्र काढलं. आपल्या पायाच्या शिलाई मशीनचा भाऊच. त्यामुळे दात कमी वेळात घासून बारीक करता येऊ लागला. दात चारी बाजूंनी घासायचा, त्यावर धातूची टोपी म्हणजे कॅप चढवायची. दोन्ही शेजाऱ्यांवर दोन कॅपा आणि मध्ये लटकता खोटा दात, तिन्ही एकत्र ओतलेले. हाच ब्रिज. चांगला केला तर वर्षानुवर्षं टिकतो, काढाघालायची कटकट नाही.

पण शेजाऱ्यानं किती ओझं उचलायचं? इर्विन अँटे या दंतवैद्यानं १९२६ साली यावर एक नियम मांडला. दंतवैद्यकाच्या वर्गात तो आजही शिकवतात. पडलेल्या दातांची मुळं जेवढी असती, निदान तेवढा तरी आधार धरणाऱ्या दातांच्या मुळांचा हाडातला पसारा हवा. गटाच्या भाषेत सांगायचं तर जामीनदाराची ऐपत कर्जाएवढी तरी पाहिजे. तीन दाढांचं ओझं एका हलत्या दातावर टाकलं तर कर्जदारासोबत जामीनदारही बुडतो. पुढच्या संशोधनानं हा नियम थोडा सैल केला. हिरड्या नीट सांभाळल्या तर कमी आधारावरही ब्रिज टिकतो, असं दिसलं. पण मूळ शहाणपण कायम आहे.

ब्रिजची किंमत नुसत्या पैशात मोजू नका. शेजारचा दात धडका असेल तर त्याचं वरचं कठीण आवरण घासलं जातं. ते पुन्हा उगवत नाही. म्हणून घासणं कमी करायचे मार्ग निघाले. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात एक पद्धत पुढे आली. शेजारच्या दाताच्या मागच्या बाजूला धातूची पातळ पाकळी विशेष गोंदानं चिकटवायची. तिला मेरीलँड ब्रिज असंच म्हणतात. समोरचा एखादा दात गेला असेल तर आजही ती उपयोगी पडते.

राहिला तिसरा आधार, हाड. होंडुरासच्या त्या बाईनंतर हजार-तेराशे वर्षं अनेकांनी हाडात काहीतरी रोवून पाहिलं. सोनं, प्लॅटिनम, पोलादाच्या जाती. बहुतेक वेळा शरीरानं ते काट्यासारखं बाहेर ढकललं.

उत्तर मिळालं ते दाताचा विचार करत नसलेल्या माणसाला. स्वीडनचे डॉक्टर पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५२ साली ससाच्या पायाच्या हाडात रक्त कसं वाहतं ते पाहत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियम धातूची बारीक नळी हाडात बसवली. काम झाल्यावर महागाची नळी परत काढायला गेले तर निघेना. हाड तिला असं धरून बसलं होतं की दोन्ही एकजीव झाले होते. दुसरा कुणी असता तर नळी वाया गेली म्हणून हळहळला असता. ब्रोनेमार्कनी विचार केला, हाड ज्याला असं धरतं त्यावर दात का उभा करू नये?

तेरा वर्षं त्यांनी प्रयोग केले. १९६५ साली यॉस्ता लार्शोन नावाचे चौतीस वर्षांचे गृहस्थ त्यांच्याकडे आले. जन्मापासून टाळू दुभंगलेला, जबड्यात दोष, खाताना-बोलताना हाल. त्यांच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे चार खुंट बसवले आणि त्यावर दात उभे केले. लार्शोन २००६ साली वारले तेव्हा ते खुंट जागच्या जागी होते. चाळीस वर्षांहून जास्त! तरीही दंतवैद्यांना पटायला वेळ लागला. १९८२ साली कॅनडातल्या टोरोंटो शहरात परिषद झाली, तिथे इतक्या वर्षांचे निकाल मांडले गेले, आणि मग ही पद्धत जगभर पसरली.

या इम्प्लांटमध्ये अबटमेंट कुठे येतं, ते नीट समजून घेऊ. घर बांधताना आधी जमिनीत पाया, मग जमिनीवर दिसणारं जोतं, आणि जोत्यावर घर. हाडात पुरलेला टायटॅनियमचा स्क्रू हा पाया. त्यावर हिरडीतून वर येणारा छोटा तुकडा हे जोतं, तेच अबटमेंट. आणि त्यावर बसणारा दात म्हणजे घर. इम्प्लांट म्हणजे एकच वस्तू असं अनेकींना वाटतं. दवाखान्याचं बिल तीन भागांत का येतं, याचं उत्तर इथे आहे. म्हणून आधीच विचारावं, की सांगितलेल्या रकमेत पाया, जोतं आणि घर तिन्ही आले का.

ब्रोनेमार्कच्या पद्धतीत पाया घातल्यावर हिरडी शिवून टाकायची आणि खालच्या जबड्याला साधारण तीन, वरच्याला सहा महिने थांबायचं. ओल्या स्लॅबवर कुणी पोती रचत नाही, तसंच. हाडानं धातू धरायच्या आधी तो हलला तर पकड बसतच नाही. मग पुन्हा हिरडी उघडून अबटमेंट बसवायचं. आता काही रुग्णांना लगेच दात बसवतात, पण सुरुवातीची पकड पक्की असेल तरच.

अबटमेंटची जागा मोठी नाजूक. तोंडात इतर सगळीकडे हिरडी हाडाचं झाकण असते. इथे त्या झाकणाला भोक पाडून धातू वर आलेला असतो. तिथे रोज घाण साचली तर जंतू जोत्याच्या कडेनं पायापर्यंत उतरतात आणि हाड खायला लागतात. दुखत नाही, म्हणून कळतही नाही. तंबाखू असेल किंवा साखरेचा आजार आटोक्यात नसेल तर धोका आणखी वाढतो. धातूच्या दाताला कीड लागत नाही हे खरं, पण त्याच्या आधाराला लागते. आणि जोत्याचा स्क्रू कधी सैल झाला, दात हलल्यासारखा वाटला, तर घरी पिळत बसू नये. डॉक्टरांकडे तो पुन्हा घट्ट करता येतो.

पूर्ण कवळी सैल झालेल्यांसाठीही या आधाराचा उपयोग आहे. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांची बैठक झाली. खालचे सगळे दात गेले असतील तर दोन इम्प्लांटवर अडकणारी कवळी हा पहिला पर्याय असावा, असं त्यांनी सांगितलं. त्या दोन खुंटांवर कवळी टिचबटणासारखी टिचकन बसते. ब्लाउजला दोन टिचबटणं असली की पदर ओढला गेला तरी काय फरक पडतो ते आपल्याला सांगायला नको. आणि सगळ्यांना इम्प्लांट परवडत नाही, तेव्हा आणखी एक जुना मार्ग आहे. उरलेल्या एक-दोन चांगल्या दातांची मुळं न काढता, वरून बुटकी करून, त्यावर कवळी बसवायची. मूळ हाडात राहिलं की हाडही टिकतं.

आता आपल्या मुलखाकडे वळू. भारतात दंतवैद्यकाचं शिक्षण रुजवलं डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी. त्यांनी १९२० साली कोलकात्यात दंत महाविद्यालय काढलं. तिथे शिकलेल्या फातिमा जिना यांनी १९२३ साली मुंबईत दवाखाना उघडला. एका बाईनं डॉक्टर होऊन स्वतःचा दातांचा दवाखाना थाटणं ही त्या काळी मोठी गोष्ट होती. पुढे १९३३ साली मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय सुरू झालं. १९४८ साली देशात दंतवैद्यांचा कायदा आला. नोंदणी नसलेल्यानं दातांवर उपचार करू नयेत, हे तेव्हाच ठरलं.

कायद्याला इतकी वर्षं झाली, तरी आठवडी बाजारात, जत्रेत, रस्त्याच्या कडेला आरसा आणि पेटी घेऊन बसलेला माणूस आपण आजही पाहतो. तासाभरात ‘पक्का’ दात बसवतो. तो काय करतो? गुलाबी पावडर आणि पातळ द्रव कालवून, कधी सोबत तार गुंडाळून, खोटा दात शेजारच्या दातांना चिकटवून टाकतो. म्हणजे एट्रुस्कन सोनाराचीच पद्धत, पण त्यातलं सोनं आणि सफाई वजा करून. तो लगदा हिरडीत रुततो, खाली अन्न कुजतं, आणि दोन वर्षांत शेजारचे दोन चांगले दातही हलायला लागतात. एक दात गेला होता, आता तीन जातात. स्वस्त पडलं असं वाटतं, पण त्यानं जामीनदारच खाल्लेले असतात.

तशीच मशेरी. पहाटे चुलीवर भाजलेली मशेरी बोटावर घेऊन ओट्यावर बसल्याशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नाही, अशा बाया प्रत्येक गटात आहेत. दात दुखायचा थांबतो म्हणून सुरू होते आणि सुटत नाही. मशेरी हा तंबाखूच आहे. कर्करोगाचा धोका तर आहेच. शिवाय ती हिरडी आणि हाड कमकुवत करते, म्हणजे तिन्ही आधारांवर घाव घालते. एवढं करून ‘दात स्वच्छ राहतो’ हे समाधान फसवं आहे.

मग या सगळ्या इतिहासातून आपण काय घ्यायचं? आम्हाला एकच गोष्ट ठळक दिसते. खोटा दात सोन्याचा असो, लाकडाचा असो, चिनीमातीचा असो, तो जेवढा टिकला तेवढा त्याच्या आधारामुळे टिकला. आणि आधाराची किंमत बहुतेक वेळा अशानं मोजली ज्याला कुणी विचारलं नव्हतं. धुराडी झाडणारा पोरगा, वॉशिंग्टनच्या इस्टेटीवरचे गुलाम, ब्रिटनमधली नवरी. आपल्या तोंडाच्या बाबतीत तरी विचारणारी आणि उत्तर ऐकून ठरवणारी आपणच असायला पाहिजे.

म्हणून दवाखान्यात जाल तेव्हा हे प्रश्न लिहून न्या. हा दात खरंच काढायला हवा का, की मूळ वाचवता येईल? नवा दात कशावर उभा राहणार, शेजारच्या दातावर, हाडात की हिरडीवर? शेजारचा दात घासावा लागणार असेल तर किती, आणि तो धडका आहे का? त्या आधाराभोवती रोज स्वच्छता कशी करायची, ते करून दाखवाल का? पुढे तपासणीला कधी यायचं, आणि खर्च एकूण किती? विचारल्यानं डॉक्टर रागावत नाहीत. चांगल्या डॉक्टरला असा रुग्ण आवडतो. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तिथे शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली कमी खर्चात काम करतात. जिल्हा रुग्णालयातही आधी चौकशी करावी. दोघीतिघी मिळून गेलात तर एसटीचा प्रवासही हलका वाटतो.

गटासाठीही एक सूचना. दातासाठी कर्जाचा अर्ज आला की रकमेसोबत ‘आधार कोणता’ हेही विचारा. आणि अर्ज करणाऱ्या बाईला हळूच विचारा, “तुझ्या तोंडात किती दात आहेत?” आपल्याकडे म्हण आहे, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. बायांच्या बाबतीत तर चणे सगळ्यांना वाढून झाल्यावर तिची पाळी येते. तेव्हा निदान दात तरी शिल्लक असू देत. कडक भाकरी, भाजलेलं कणीस, हुरडा, शेंगदाणे, ऊस हे खाण्याचा तिचाही हक्क आहे. मऊ भात नि चहात बुडवलेल्या पावावर दिवस काढणाऱ्या बाईच्या अंगात रक्त कुठून येणार?

पुढच्या बैठकीत हिशेब झाल्यावर पाच मिनिटं काढा. आपापल्या तोंडात कोणता दात गेलाय, त्याच्या शेजाऱ्यांची अवस्था काय आहे, हे आरसा घेऊन बघा. रात्री झोपताना एकदा ब्रश करायचा, जेवल्यावर खळखळून चूळ भरायची, मशेरीचा डबा चुलीपासून लांब ठेवायचा, एवढं ठरवलं तरी बरेच जामीनदार वाचतील. ज्यांना मशेरी सोडायची आहे त्यांनी आशाताईंशी बोला, एकटीनं सोडण्यापेक्षा चौघींनी मिळून सोडणं सोपं जातं.

तुमच्या गटात यावर काय बोलणं झालं ते आम्हाला नक्की कळवा.